विहिरीच्या काठावर बसण्याचं काम

"भ्या वाटतं, बाई," असं म्हणत काका चपला काढायचे, शर्टाची घडी घालून सीताफळाच्या फांदीवर ठेवायचे आणि विहिरीत उतरायचे.

दरवर्षी, दर विहिरीपाशी हेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता घरी जाणार. विहिरी साफ करणं हा ज्याचा धंदा, त्यालाच विहिरीची भीती वाटावी, हे काही मला पटलं नाही. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन माणिकपूरजवळच्या या वाडीत आले होते, शाळेत चौथीला शिकवत होते आणि जगातलं बहुतेक काहीच मला पटत नव्हतं.

"भीती वाटते तर उतरता कशाला, काका?" मी विचारलं.

"मग पानी कोन काढनार? आनि भ्या वाटतं म्हनून तर मागतो त्याच्याकडं. ज्याला कशाचंच भ्या नाय, तो काय मागनार?"

ते खाडीकडच्या गावचे. पन्नाशी उलटलेले, अंगाने चिपाड. कुत्र्याला भीत, विजेला भीत, सुईला तर फारच. एकदा कसला तरी निरोप घेऊन शाळेत आले आणि वर्गाच्या दाराबाहेरच थांबले. चौथीच्या चाळीस पोरांचंही त्यांना भ्या वाटलं. मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं, तर सासूबाई हसल्या नाहीत. "त्यांच्या भीतीवर आपण पाणी पितो," एवढंच म्हणाल्या.

तुमच्यापैकी कोणी विहीर साफ करताना पाहिली असेल, तर तुम्हाला माहीत असेल की गाळापेक्षा हवेची भीती मोठी. तळाशी कोंडलेली हवा माणसाला न सांगता घेऊन जाते. माझं लग्न झालं त्याच वर्षी लांबच्या एका गावात दोघे सख्खे भाऊ असे गेले. एक उतरला, वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. ते ऐकल्यापासून मला आमच्या विहिरीत वाकून बघवत नसे. पाणी भरताना मी तोंड फिरवून दोर ओढायची.

काकांची यावर एक रीत होती. आधी दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला नाही, की कमरेला दोर बांधून, क्रुसाची खूण करून, "या घरच्या पान्यासाठी" असं मोठ्याने म्हणून उतरायचं. आणि तळाशी फावडं चालवताना सगळा वेळ 'नमो मरिया' ही मरियामातेची प्रार्थना म्हणत राहायचं, तेही खणखणीत. पहिला अर्धा भाग खालून त्यांनी म्हणायचा, दुसरा अर्धा घरच्या बाईने काठावर बसून. तिचं ऐकू आलं की त्यांना कळायचं, वर लक्ष आहे. त्यांचं ऐकू आलं की वरच्यांना कळायचं, माणूस शुद्धीवर आहे. आवाज थांबला की दोर ओढायचा. हिंदूंच्या वाड्यांतही ते असंच करत. तिथली बाई प्रत्येक वेळी नुसतं "हो काका" म्हणायची. तेही त्यांना चालायचं. "देवाला कळतं," म्हणायचे.

आमच्याकडे हे उत्तर द्यायचं काम सासूबाईंचं. त्या गेल्या आणि ते माझ्याकडे आलं.

पहिली दोन वर्षं मी नीट बसले. तिसऱ्या वर्षी वार्षिक परीक्षा आणि विहीर एकदमच आली. त्या साली पाणी लवकर उपसावं म्हणून दिरांनी भाड्याने डिझेलचं इंजिन आणलं आणि विहिरीतल्या मधल्या टप्प्यावर बसवून सकाळभर चालवलं. दुपारी इंजिन बंद झालं. धुराचा वास येत होता, पण कंदील खाली नीट जळत होता. काकांनी नाक वर करून वास घेतला. "आज जास्त भ्या वाटतं," म्हणाले. दीर हसले. मीही हसले, कशाला खोटं बोलू. ते उतरले.

दोरावर दीर आणि शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ. मी काठाशी, मांडीवर पेपरांचा गठ्ठा, हातात लाल पेन. प्रार्थना तोंडपाठ होती, त्याला डोकं कशाला लागतं? खालून पहिला भाग यायचा, माझ्या तोंडून दुसरा जायचा, पेन गुणाकार तपासायचं.

मग पेनातली शाई संपली.

ते झटकायला मी मान वर केली, तोंडाने "आमेन" म्हणाले आणि थांबले. खालून काहीच आलं नाही. विहीर गप्प होती. तेव्हा मला कळलं की खालचा आवाज मघाच थांबला होता. मी एकटीच माझा अर्धा भाग म्हणत होते. दोनदा की चारदा, देव जाणे. आणि मी बोलतेय म्हटल्यावर, खाली सगळं ठीक आहे असं समजून दोरावरचे दोघे निवांत गप्पा मारत होते.

"ओढा," मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ते वर आले तेव्हा मान एका बाजूला पडली होती, तोंड उघडं होतं. त्या गृहस्थांनी त्यांना केळींच्या सावलीत आडवं केलं. दीर पाणी मारत होते, मी पेपरांच्या गठ्ठ्यानेच वारा घालत होते. हातपाय गार पडले होते, माझे. प्रार्थना करावी म्हटलं तर एक शब्द आठवेना. जी मघाशी न मागता तोंडातून वाहत होती, तिचा पहिला शब्दही सापडेना. माणूस मेला आणि तो मी मारला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग त्यांच्या छातीत घरघर झाली, त्यांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. दिरांनी टांगा आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूने कंदील विझत नाही, माणूस विझतो. तिसऱ्या दिवशी ते घरी आले.

गावात माझं नाव झालं. वहिनी वेळेवर ओरडल्या म्हणून माणूस वाचला, असं दीर ज्याला त्याला सांगत सुटले. चर्चमध्ये मिस्सानंतर बायका माझे हात हातात घ्यायच्या. मी ते सोडवून घरी निघायची. काकांना कोणी विचारलं, तर ते म्हणायचे, "बाईंचा आवाज शेवटपर्यंत येत व्हता." हे ऐकलं की मी तिथून उठून जायची. त्यांना काय म्हणायचंय, हे विचारायची हिंमत नव्हती.

शेवटी फादरांकडे कबुली दिली. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, एक पूर्ण जपमाळ. म्हणजे त्रेपन्न वेळा तीच 'नमो मरिया'. दोन तास लागले मला. प्रत्येक वेळी 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' इथे आलं की मी थांबायची. लहानपणापासून हे शब्द म्हणत आले होते. त्यात मरण आहे, हे तेव्हा ऐकू आलं.

काकांना सांगायला केळ्यांची फणी घेऊन त्यांच्या घरी गेले, तर ते हरवलेल्या कोंबडीबद्दलच तासभर बोलत बसले. मी परत आले.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. भर पावसाळ्यात तापाने गेले, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. मी शाळेत होते, मला दुपारी कळलं. विहिरीत गेले नाहीत, याचंच मला आधी बरं वाटलं. पुढे वाड्यांत नळ आले, टँकर आले, विहिरींवर जाळ्या बसल्या. पण ते आठवतात ते त्या अपघातानंतरच्या उन्हाळ्यातले.

त्या वर्षी पाणी बादल्यांनी उपसलं, दोन दिवस लागले. मी दिरांना बजावलं होतं, काठावर दुसरी कोणी बसवा, माझ्याच्याने होणार नाही. काका आले आणि त्यांनी सरळ मलाच हाक मारली.

"मला भीती वाटते, काका," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मग तुमीच बसा."

मी बसले. त्यांनी कंदील सोडून पाहिला, कमरेला दोर बांधला, क्रुसाची खूण केली. पहिल्या पायरीवर ते थांबले, मागे वळले आणि लाल पेन शोधावं तसं माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. वर्षभर माहीत होतं.

मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. हात रिकामे होते. त्यांनी मान हलवली आणि ते उतरले.