सोफ्याखालची धून

नारायणगावापासून मंचरपर्यंत रस्त्याच्या कडेला सावळारामनाना गाल फुगवून उभे आहेत. फलकावर वर लिहिलंय, ‘गुलछडी बँड, वर्ष पन्नासावं’, आणि खाली व्हीआयपी पॅकेज: पुढचा सोफा, फेटा, मसाला दूध, नानांबरोबर फोटो, आणि नानांच्या ट्रम्पेटवर खास तुमच्यासाठी एक धून. फलक झकास आहे. त्यातली शेवटची गोष्ट तेवढी खोटी आहे.

महाळुंगे पडवळच्या या माणसानं अठराव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर बँड काढला. एरवी शेत, लग्नसराईत ट्रम्पेट. पुढं बँडला गिटार आली, ट्रक आला, पण लोक विचारायचे ते नाना येणार का, एवढंच. तीस वर्षांपूर्वी बोरी बुद्रुकला दादाभाऊ नावाच्या एकाच्या वरातीत मारुतीच्या देवळापासून दारापर्यंत नानांनी अशी धून ओढली, की माणूस श्वास कधी घेतो ते कुणाला दिसलं नाही. दादाभाऊची जया तेव्हा नवी नवरी होती. डोक्यावरचा पदर सोडून ती नानांकडंच बघत राहिली, हे बोरीत अजून सांगतात.

गेल्या दिवाळीत नानांचे पुढचे उरलेसुरले दात गेले. ट्रम्पेटला ओठांमागं दातांचा आधार लागतो. कवळी बसवून फुंकलं, तर सुरांआधी कवळीच बाहेर. मग नानांनी पुतण्याला, ऋतिकला, सांगून टाकलं की आता बस्स. पण बँड ऋतिकच चालवत होता, आणि त्यानं तोवर बावीस गावच्या यात्रांच्या सुपाऱ्या घेतल्या होत्या, फलकही लावले होते.

“नाना, तुमी नुसतं तोंडाला लावा,” तो म्हणाला. “बाकीचं मी बघतो.”

त्यानं बघितलं ते असं. सोफ्याखाली एक छोटा स्पीकर बांधला आणि नानांचं जुनं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतलं. आवाज कुठून येतो हे बसणाऱ्याच्या बुडाला तरी कळत असेल, असं नानांना वाटायचं. घरी बायको, साळुबाई, रोज म्हणे, नाही म्हणून मोकळं व्हा. मोकळं व्हायचं कसं? वाजवणारे अकरा जण, सगळे भावकीतले नाहीतर शेजारचे. ढोलवाल्या संपतनं तर पाय धरले, एवढा हंगाम निभवा म्हणून. नाना निभवत राहिले. कुणी धून संपल्यावर ‘नाना, काय दम आहे’ म्हणालं, की त्यांना तोंड कुठं लपवू असं होई.

दहावी यात्रा बोरीची होती. दुपारीच कळलं, पहिला सोफा दादाभाऊनं घेतलाय आणि धून मागितलीय ती वरातीचीच. नानांचं जेवण तिथंच थांबलं. बाकीच्यांना फसवलं ते फसवलं, पण या दोघांनी खरी धून ऐकली होती. यांच्यापुढं खोटं वाजवायचं नाही, काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावर कित्येक महिन्यांनी त्यांना हलकं वाटलं.

संध्याकाळी दादाभाऊ फेटा बांधून सोफ्यावर बसला होता. शेजारी जया, केस पिकलेली. नाना समोर उभे राहिले, ऋतिकनं मोबाइल दाबला, आणि धून सुरू झाली. तीस वर्षांपूर्वीचा आपलाच दम ऐकून नानांना भरून आलं. त्यांनी ट्रम्पेट सरळ खाली घेतलं. धून सोफ्याखाली चालूच राहिली. ऋतिकचा चेहरा पडला.

“दादाभाऊ,” नाना म्हणाले, “ह्ये मी वाजवत न्हाई. दात गेलं माझं. मला आता वाजवता येत न्हाई.”

दादाभाऊ गडबडला नाही. उलट त्यानं फेटा नीट केला.

“म्हाईत हाय की, नाना. समद्यांस्नी म्हाईत हाय. पण ते तोंडाला लावा परत, फोटो राह्यलाय.”

नानांनी जयाकडं बघितलं. ती मान वर करून फोटो काढणाऱ्या पोराच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत होती.

अजून बारा यात्रा होत्या. नानांनी ट्रम्पेट उचललं आणि गाल फुगवले.