उडणारा तो डायनासोर नव्हे

आमच्या वडिलांचं पोलादपूरला किराणा दुकान होतं. तेव्हा सगळा माल कागदाच्या पुडीत जायचा. महाडहून रद्दी यायची आणि पुड्या बांधायचं काम माझ्याकडे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण वाचल्याशिवाय मी एक कागद फाडला नाही. वडील ओरडायचे, "अगं, गिऱ्हाईक जिऱ्यासाठी उभं आहे, अग्रलेख नंतर वाच!"

अशाच एका कागदावर मला ते प्राणी भेटले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, सरपटणाऱ्यांच्या जातीतले, पण उडणारे. नावाची सुरुवातच 'प्ट'! प्टेरोसॉर. म्हणून बघा एकदा, नुसती थुंकी उडते. मी आपली 'पटेरो' म्हणायची. लोक यांना डायनासोर समजतात, पण ते तसे नव्हेत, असं त्यात लिहिलेलं. तो कागद काही मी पुडीला लावला नाही. पाठ केला.

तेव्हा घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. दोन स्थळांनी नकार दिलेला, कारण एकच, मुलगी फार बोलते. तिसरं स्थळ महाडच्या एका शाळेतले मास्तर. आईनं आदल्या दिवशीच दम भरला, "विचारतील तेवढंच सांग. हेही गेलं, तर तुझ्या त्या पटेरोलाच मुंडावळ्या बांधते!"

मास्तर आले. सोबत नाते गावचे त्यांचे काका. मास्तर खाली मान घालून पोहे खात होते, वाफेनं चष्मा पांढरा झालेला, तरी पुसायला लाजत होते. खरं सांगते, मला तिथंच आवडले. हे स्थळ जाऊ नये असं मलाही वाटायला लागलं.

काकांनी पिशवीतून शाळेचं हस्तलिखित काढलं. "वाच गो पोरी. ह्ये आमच्या पोरानं सोता काडलंय."

पानावर पंख पसरलेला, लांब चोचीचा प्राणी. खाली वळणदार अक्षरात 'उडणारा डायनासोर'. मी वाचलं. तिथं थांबायचं की नाही? पण माझं तोंड!

"हे चुकलंय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "काय चुकलं?"

"हा डायनासोर नव्हे. डायनासोरचे पाय म्हशीसारखे सरळ पोटाखाली असायचे, आणि ते जमिनीवरचे. हे उडणारे त्यांच्या भाऊबंदांतले, पण सख्खे नाहीत. चुलत म्हणा."

"म्हणजे वाघळासारखे?"

"नाही हो. वाघळाच्या पंखात चार बोटं पसरलेली. यांचं एकच बोट हे एवढं लांब, त्याला कातडी ताणलेली."

"कुठलं बोट?"

"हे!" म्हणून मी अनामिका त्यांच्यासमोर धरली.

काका ताडकन उठले. "आरं देवा! अजून पसंती नाय, सुपारी नाय, नि पोरगी अंगठीचं बोट पुढं करत्ये!"

दाराआड आईनं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. वडील घाईघाईनं म्हणाले, "अहो, अंगठी नकोय तिला. ती त्या पक्ष्याचं सांगतेय."

"पक्षीपण नाही, बाबा," मी म्हणाले.

मास्तरांचे कान लाल झाले. उठताना एवढंच म्हणाले, "बघून कळवतो."

आता 'कळवतो' म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. आईनं उरलेले पोहे गाईला घातले आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

दहाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. वडिलांनी गल्ल्यावर बसूनच मोठ्यानं वाचलं. "पुस्तकात पाहिले. मुलीचे म्हणणे बरोबर आहे. चित्राखालचे नाव बदलले. हे प्राणी अंडी घालत की पिल्ले देत, हे तिला ठाऊक असल्यास कळवावे."

वडिलांनी कार्ड उलटं करून पाहिलं. "यात होकार कुठं आहे?"

आईनं ते त्यांच्या हातातून घेतलं. "नकार द्यायचा असता तर पुढचं विचारलं असतं का त्यांनी? तू गं, उत्तर लिही."

पण माझ्या कागदात अंड्यांचं काहीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं बोलायला काही नव्हतं! शेवटी लिहिलं, "ठाऊक नाही. पुस्तक असल्यास घेऊन यावे."

रविवारी पहिल्याच एसटीनं मास्तर आले. काखेत पुस्तक होतं. काकांना आणलं नव्हतं.