एका गावचे दोन हवालदार

पोलिसाच्या डोक्यात सगळी प्रकरणं राहत नाहीत. नाशिक रोडच्या बाजूला ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं हे एक मात्र अजून जात नाही. त्यात चोरी नाही, खून नाही. तरी मला ते खुनाहून वाईट वाटतं.

सकाळीच ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला. अमुक वकिलाच्या स्कूटरच्या डिकीत गावठी कट्टा आहे, तो आत्ता कोर्टात पोचतोय, पकडा. वकिलाचं नाव ऐकून आमच्या पोरांचे चेहरे खुलले. हा गडी मूळचा तोफखान्यातला हवालदार. नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केलं, देवळालीहून पेन्शनवर आला आणि कायद्याच्या वर्गात कोवळ्या पोरांशेजारी बसून वकील झाला. उलटतपासणीत त्याने आमच्या दोन फौजदारांना चांगलाच घाम फोडला होता. मला त्याचा हेवा वाटायचा. एलएलबीला मीही नाव घातलं होतं. परीक्षा बंदोबस्तात बुडाली ती बुडालीच.

त्याच्यासमोर, दोन पंच घेऊन डिकी उघडली. कट्टा निघाला. उघडून पाहिला तर रिकामा, आणि पुसून लख्ख केलेला. ठसा एकही नाही. वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. आर्म्स ॲक्टखाली गुन्हा लागला की सनद धोक्यात, आणि फौजेत परत जायचं वय उलटून गेलेलं.

"किल्ली कुणाकडे असते?" मी विचारलं.

"गेटवर. माझं ऑफिस ज्या सोसायटीत आहे तिथला वॉचमन माझा गाववाला आहे. दिंडोरीकडचे आम्ही. एकाच दिवशी भरती झालो, एकाच तोफेवर होतो. त्याच्यावर संशय घेऊ नका साहेब."

मी त्यालाच ठाण्यात बोलावलं. तो लगेच आला. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, ह्यो तसा नाय. पण काय हाय, काळा कोट आला की मानूस बदलतो."

चौकशीत मी सहसा आवाज चढवत नसे. कट्टा टेबलावर ठेवला, नळी त्या दोघांकडे करून. वकील झटकन बाजूला सरकला. कट्टा रिकामा असल्याचं त्याने स्वतः पाहिलं होतं, तरी सरकला. प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, हे फौजेत पहिल्या दिवसापासून अंगात भिनवतात. पंचनाम्याला हजर नसलेला वॉचमन मात्र नळीसमोर तसाच उभा राहिला.

"तुला कुणी सांगितलं, तो रिकामा आहे म्हणून?"

त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मटकन खाली बसला. तोवर निनावी फोन कुठल्या नंबरवरून आला तेही सापडलं होतं. कॅम्पातल्या किराणा दुकानदाराचा. वॉचमननेच फोन घटकाभर मागून घेतला होता, असं दुकानदार म्हणाला.

"फायरिंगमदी पुढं मी असायचो, साहेब," तो म्हणाला. "पेन्शनवर बी संगच आलो. आता ह्यो रोज किल्ली माझ्या हातात टाकतो, अन् मी सलाम ठोकतो. माझी बायको म्हनते, त्यांच्याकडून काही शिका. त्यांच्याकडून! लय आग होती छातीत."

कट्टा आणला कुठून तेही वॉचमनने सांगितलं, आणि गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

जामिनाच्या वेळी जामीनदार म्हणून वकील स्वतः उभा राहिला. वॉचमनने मान फिरवली. "ह्याच्या जामिनावर सुटन्यापरीस आत बरा. त्यात बी ह्योच मोठा व्हईल." मेहुणा कागदपत्रं घेऊन येईपर्यंत तो खरंच आत राहिला. वकील कोर्टाच्या पायरीवर बसून रडला. एवढं मोठं मन याला कुठून मिळालं, असं वाटून मला त्याचाही हेवा वाटला.

एक गोष्ट मी त्यातून शिकलो. कलेक्टरावर कुणी जळत नाही. जळफळाट होतो तो आपल्याच पंगतीतलं कुणी उठून पुढच्या पाटावर जाऊन बसलं की. माझ्या बॅचच्या कुणाचं काही चांगलं झालं, की आता मी आपणहून त्याच्या घरी जातो आणि पेढा मागून खातो. तो गोड लागतोच असं नाही. पण तोंडात पेढा असला की माणसाला वाईट बोलता येत नाही.