आत्याचा डावा कान

स्वतःच्या दुखण्याची एवढ्या अभिमानाने ओळख करून देणारी बाई माझ्या आत्याशिवाय अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही. तिच्या डाव्या कानाच्या आत, मेंदूजवळ, चरबीची एक छोटी गाठ आहे, हे आमच्या घिवली गावात सगळ्यांना माहीत आहेच. पण बोईसरच्या रिक्षावाल्यांनाही माहीत आहे. "भैया, खड्डे में मत डाल, मेरे कान में गाठ हाय," असं ती बसल्या बसल्या सांगते, आणि तो बिचारा मागे वळून कान बघायच्या नादात नेमका खड्ड्यातच जातो. तिच्याशी बोलणाऱ्याने उजवीकडे बसायचं, हा तिचा कायदा. चुलतभावाच्या साखरपुड्यात तिने मुलीच्या वडिलांना भरल्या पानावरून उठवून पलीकडे बसवलं. "व्याही, तिकडं बसून तुमी मला शिव्या दिल्या तरी कळायचं नाय," ती म्हणाली. ते जेवण संपेपर्यंत इतकं गोड बोलत राहिले, की त्यांची बायकोच संशयाने बघायला लागली.

सुरुवात झाली ती कानात शिट्टी वाजण्यापासून. मग मधूनच चक्कर यायची. मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, तेव्हा ती बाहेर येऊन तिथल्या माणसाला म्हणाली, "आत कोन हातोडा मारतंय? आमच्या बोटीचं इंजिन बरं." रिपोर्ट इंग्रजीत होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, म्हणून तो माझ्या हातात आला. मी चाचरत, फोनमध्ये शब्द शोधत सांगितलं, "आत्या, चरबीची गाठ आहे. साधी आहे." एवढंच तिला पुरलं. जन्मभर तिने मासळी सुकवली. चरबीची मासळी उन्हात टाकली की तेल सुटतं, हे तिला माहीत. दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यावर डावा कान उन्हाकडे करून बसायला लागली. खांद्यावर फडकं, तेल पडलं तर लुगडं खराब होऊ नये म्हणून. शेजारीण ओरडायची, "काय गो, सुटलं का तेल?" "सुटल तवा तुला तळायला देईन!" ही इकडून. अंगात आणखी चरबी नको म्हणून दुपारी पापलेट नाकारायची. कान मात्र लाल होण्यापलीकडे काही झालं नाही.

शेवटी मी तिला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिला एकच हवं होतं, गाठ काढायची आणि कान परत मिळवायचा. डॉक्टर म्हणाले, "आत्या, ही कॅन्सरची गाठ नाही. अशा गाठी बहुधा वाढतही नाहीत. पण ऐकण्याच्या आणि चेहऱ्याच्या नसा हिच्यातूनच गेल्यात. काढायला गेलो तर उरलेलं ऐकू येणंही जाईल, तोंडही वाकडं होऊ शकतं. चक्करेला गोळ्या देतो. गाठीवर लक्ष ठेवू."

"नुसतं लक्ष ठेवाचं? मग मी एवढं लांब कशाला आले?"

ते हसले. तिने मात्र डाव्या कानावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे जाल्यात चिंबोरीची नांगी गुतली तशी. वढून काढली तर जालंच फाटतं."

"अगदी तसंच."

"गेलेलं परत येल?"

"ते सांगता येत नाही, आत्या. बहुतेक नाही."

परतताना तिने रिक्षावाल्याला काहीच सांगितलं नाही. मला ते फार जड गेलं.

आता मी पालघरला वसतिगृहात असते. ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासणी झाली. गाठ तेवढीच आहे, ऐकणं मात्र अजून थोडं उतरलंय. पण आत्याने स्वतःची वेगळी तपासणी सुरू केली आहे. रविवारी मी फोन करते. उजव्या कानाने सगळं बोलून झालं, की ती म्हणते, "थांब, आता डाव्यावर घेते. बोल." मग मी बोलत राहते. मेसची आमटी, परीक्षा, खोलीतल्या मुलीचं घोरणं, काहीही. ती म्हणते, "येतंय गो, येतंय." मला बरं वाटतं.

गेल्या रविवारी मागून बोटी लागल्याचा गलका येत होता, बायकांची ओरड, कुत्री. मला एकदम घरची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. तिने फोन डाव्या कानाला लावला होता आणि मी गप्प उभी होते.

"येतंय गो," पलीकडून आत्या समाधानाने म्हणाली. "सगलं येतंय. बोल तू."

मी डोळे पुसले आणि आमटीपासून सुरुवात केली.