देवतळे काकांची टीम

देवतळे काका सगळं बोटांच्या पेरांवर मोजायचे. अंगठा करंगळीच्या तळाशी टेकवायचा आणि एकेक पेर चढत जायचं. चार बोटं संपली की बारा. आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलेला माणूस, पण पार्किंगमधल्या गाड्या असोत की मी डब्यात घालून दिलेल्या पोळ्या, अंगठा लगेच कामाला लागायचा. मी हसले की म्हणायचे, "कॅल्क्युलेटरला बॅटरी लागते, बाप्पा. हे माझं फुकटात चालून राहिलं."

२००३ साली मी लग्न करून पुण्याहून अमेरिकेत, श्रूजबरीला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे दिवसभर खिडकीत बसून बर्फ बघायचा. काका आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. मूळचे नागपूरचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी म्हणून आले आणि इथेच राहिले. परत का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडे तरी कोण वाट पाहून राहिलं?"

शेजारच्या शहरात त्या सुमारास लॅक्रॉसची एक व्यावसायिक टीम निघाली होती. हा खेळ आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठ्या, कडक रबरी बॉल, आणि बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात हिरवं कार्पेट अंथरून केलेलं मैदान. प्रेक्षक मिळेनात म्हणून ऑफिसांतून फुकट तिकिटं वाटली जात. काकांच्या ऑफिसात ती कुणी घेतली नाहीत, काकांनी घेतली. दुसऱ्याच मॅचला आकडे टिपणारा माणूस आला नाही. मैदानाकडेच्या टेबलावरची बाई मागे वळून प्रेक्षकांना विचारायला लागली, तेव्हा काका उठले आणि म्हणाले, "आय कॅन काउंट."

त्यांच्याकडे लूज बॉल मोजायचं काम आलं. काठीतून निसटून जमिनीवर पडलेला बॉल. तो कोणी उचलला, हे या खेळात लिहून ठेवतात. "गोल कोणीही मोजते," काका मला समजावून सांगत, "पण पडलेला बॉल कोण उचलून राहिला, ते पाहणारा पाहिजे ना एखादा!"

उजव्या हाताने लिहायचं, डाव्या हाताच्या पेरांवर मोजायचं, आणि ओठ हलत राहायचे. त्या दिवशी टीम पहिल्यांदाच जिंकली. मॅच संपल्यावर गोलकीपर वेन टेबलापाशी आला आणि त्याने विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करत होता ना?" वेन न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचा, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. हा खेळच त्याच्या पूर्वजांचा, आणि तो देवाचं नाव घेऊन खेळायचा असतो, असं त्यांच्यात मानतात. काकांनी त्याला सांगून टाकलं, "येस."

"काका, खोटं बोललात?" मी म्हटलं. गणपतीच्या आरतीला टाळी न वाजवणारा हा माणूस!

"अगं मनीषा, इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर नाही म्हणू?"

तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या आधी वेन येऊन काकांचा डावा हात हातात घ्यायचा आणि मगच गोलमध्ये उभा राहायचा. सोमवार ते शुक्रवार तो इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारायचा आणि मॅचसाठी सहा तास गाडी चालवत यायचा. सगळ्यांचं तसंच होतं. कोणी शाळेत शिकवायचा, कोणी आगीच्या बंबावर होता. काका मात्र शनिवारी टाय लावून सगळ्यांच्या आधी हजर. इथल्या मराठी मंडळाची संक्रांतसुद्धा बुडवली त्यांनी. "काका फार अमेरिकन झालेत," असं आम्ही तिळगूळ खाताना म्हणून घेतलं.

एकदा ते मला म्हणाले, "गंमत सांगू? आजकाल मोजता मोजता खरंच रामाचं नाव येऊन राहिलं तोंडात. बायको दवाखान्यात होती, तेव्हा नाही आलं."

मी एकदाच गेले मॅचला. खुर्च्या निम्म्याहून अधिक रिकाम्या, आणि खेळ चालू असताना कानठळ्या बसवणारं संगीत. काकांनी मोठ्या कौतुकाने वेनशी ओळख करून दिली. त्याने विचारलं, "युअर डॉटर?" काका माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने म्हटलं, "नो, नो, जस्ट अ नेबर." परतीच्या वाटेवर काका गाडी फार हळू चालवत होते.

दोन सीझन झाले आणि टीम बंद पडली. ईमेल आला, तोही मधल्याच एका मंगळवारी. खेळाडू आपापल्या गावी होते, त्यामुळे कुणी कुणाचा निरोपही घेतला नाही. त्या शनिवारी दुपारी मी जिना उतरत होते, तर काकांचं दार उघडं होतं. टाय लावून सोफ्यावर बसलेले. आत जावं असं वाटलं मला. पण आमच्याकडे पाहुणे यायचे होते आणि कोथिंबीर आणायची राहिली होती. मी गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. हार्ट. दोन दिवसांनी कळलं. फ्रिजवर तीन फोन नंबर लावलेले होते: ऑफिसचा, आमचा आणि वेनचा. नागपूरचे मेहुणे फोनवर म्हणाले, "आमच्यानं येणं व्हायचं नाही, तुम्हीच करून टाका." वेनला मी फोन केला तो केवळ कळवायचं म्हणून.

इथे अग्नी देणं म्हणजे भिंतीवरचं एक बटण दाबणं. मंडळाची दहा-अकरा माणसं जमली होती. तिथल्या माणसाने विचारलं, "कोण दाबणार?" माझा नवरा समीर हळूच म्हणाला, "माझे बाबा आहेत अजून." दुसरा म्हणाला, "माझेही." वडील हयात असणाऱ्याने अग्नी देऊ नये, हे सगळ्यांनी घरी ऐकलेलं. एकूण एक इंजिनियर, पण हात कुणाचा पुढे होईना. माझे बाबा मी कॉलेजात असतानाच गेले होते. पण बाईमाणसाला कोण विचारतो, आणि मीही पुढे झाले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मागच्या भिंतीला टेकून वेन उभा होता. रात्रभर गाडी चालवून आलेला. सगळे का थांबलेत, हे त्याने मला विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "माय डॅड इज गॉन. आय कॅन डू इट."

पेटीवर तळहात ठेवून तो त्याच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलला आणि मग त्याने बटण दाबलं.

बाहेर बर्फ पडत होता. आम्ही एकेक जण वेनपाशी गेलो, त्याचा हात हातात घेतला. समीर त्याला म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस."