तळ्याकाठचा होकार

सोलापुरात विजापूर रस्त्याला कंबर तलावाच्या काठी एक बाग आहे. मंद्रूपहून येणारी एसटी तिथे थांबते. म्हणजे ड्रायव्हर ओळखीचा असला तर थांबते. मी मंद्रूपच्या प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कालवा आणि त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा. संध्याकाळी बागेपाशी उतरायचं, पार मागच्या बाजूला पाण्याकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर बसायचं आणि अर्धा तास कुणाशी म्हणजे कुणाशी बोलायचं नाही, हे माझं कित्येक वर्षांचं व्यसन होतं.

बाग म्हणून तिचं कौतुक करावं असं काही नाही. कारंजं मी कधी उडताना पाहिलेलं नाही. बाकांवर ते देणाऱ्यांची नावं ठसठशीत, पण टेकायला पाठ असेल याची खात्री नाही. काठाला केंदाळ माजलेलं. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो. पण संध्याकाळी बगळे झाडावर उतरायला लागतात, पाणकावळा पंख पसरून दगडावर उभा राहतो, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज झाडांमध्ये अडतो, आणि माझ्या कानांना हळूहळू जाग येते. कानांना जाग येते असं मी मुद्दाम म्हणते, कारण मी कारखान्याच्या डोक्यावर वाढले.

ती शांतता मी फार आप्पलपोटेपणाने भोगली. त्याच बाकावर माझ्या वडिलांनी मला एकदा काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, आणि मी मान डोलावून हो म्हटलं. ते काय होतं हे मला कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छताखाली चार यंत्रमाग, टॉवेलचे. ते चालू झाले की वरच्या मजल्यावर ताटातली वाटी सरकायची. आम्ही घरात तेलुगू बोलतो. वडिलांना नायना म्हणतो, आईला अम्मा. नायनांनी पन्नास वर्षं माग चालवले आणि अम्माने त्यांच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो. त्यामुळे कारखान्यातली माणसं ओरडत नाहीत. ती आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. अम्मा या टोकाला, नायना त्या टोकाला, आणि दोघांचं दिवसभर भांडण चाललेलं असायचं, तेही एक शब्द न ऐकवता. शेजारचा मागवाला मध्येच हसायचा, कारण त्यालाही सगळं कळत असे.

मला मात्र ते येत नाही. मला कारखान्यात पाय ठेवायची बंदी होती. "तू वर बस. पुस्तक वाच. इथलं काही शिकायचं नाही," असं नायना दरडावायचे. मी त्यांचं अगदी तंतोतंत ऐकलं.

मागांनी त्यांचे कान नेले आणि कापसाच्या तुसाने छाती. सत्तरी ओलांडल्यावर माग विकून टाकले तेव्हा घरात इतकं सुनं वाटलं की अम्मा दोन दिवस जेवली नाही. नायना खुर्चीत बसून दाराकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, यांना मोकळ्या हवेत नेत जा. मोकळी हवा म्हटल्यावर मला माझं तळं आठवलं. खरं सांगायचं तर जरा जिवावरच आलं. माझी एकटीची जागा होती ती. तरी दर रविवारी सकाळी रिक्षाने मी त्यांना तिथे न्यायला लागले. अम्माचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती घरीच.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. बहिरं माणूस स्वतःचा आवाज ऐकत नाही. नायना बाकावर बसले, पाण्याकडे पाहिलं, खूश झाले आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज चार दिवसांनी पोट साफ झालं!"

तेलुगूत म्हणाले, पण सोलापुरात तेलुगू काय लपते? पलीकडच्या बाकावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी नायनांना गप्प करायला त्यांच्या मांडीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी आणखी विचारतेय. मग माझ्या नवऱ्याचा विषय निघाला. त्याने मला टाकून दुसरं घर केलं त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत घरात कुणी त्याचं नाव काढलेलं नव्हतं. ते सगळं नायनांनी त्या सकाळी तळ्याकाठी बाहेर काढलं. त्याला काय काय व्हावं, कुठे कुठे किडे पडावेत, हेही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झाडाखाली एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. ते उठून आले. "ओ मॅडम, म्हाताऱ्यांना जरा हळू बोलायला सांगा की. आमी हितं शांततेसाठी येतो."

"त्यांना ऐकू येत न्हाय हो," मी म्हटलं.

"तुमाला तर येतंय न्हवं?" ते म्हणाले आणि गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग त्या गृहस्थांचा आला, पण निघाला नायनांवर. वर्गात दिवसभर जे करते तेच मी केलं. डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. शूऽऽ.

नायना माझ्याकडे बघत राहिले. मग आजूबाजूला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहायला मी थांबले नाही; मी पाण्याकडे तोंड वळवलं. मला राग आला होता आणि मला माझी शांतता परत हवी होती.

पुढच्या रविवारपासून ते बागेत आवाज काढेनासे झाले. घरी येऊन तोच दणदणीत आवाज, पण बागेचं फाटक ओलांडलं की बंद. आयुष्यभर शिस्तीत काम केलेला माणूस. इथला नियम समजला, पाळला. म्हणजे बोलायचे थांबले असं नाही. कारखान्यात बोलायचे तसं बोलायचे, नुसत्या ओठांनी. माझ्याकडे वळून बसायचे, म्हणजे मला ओठ नीट दिसावेत. मला त्यातलं चौदा आणे कळायचं नाही. बगळा, पाणी, चहा एवढं कळे. बाकीच्याला मी हसायचे, मान हलवायचे. त्यांना वाटायचं, पोरीला कळतंय. कारखानदाराच्या पोरीला ओठ वाचता येत नाहीत हे त्यांच्या मनातही आलं नसणार. तिला खाली पाय ठेवू दिला नाही, हे ते विसरले होते.

आणि मला ते बरं वाटत होतं, हे लिहायलाच हवं. शेजारी वडील आहेत, सकाळची कोवळी उन्हं आहेत, पाण्यावर बारीक सुरकुत्या आहेत आणि कुठे काही आवाज नाही. मी मनात म्हणायचे, अशी लेक कोण असेल, दर रविवारी बापाला तळ्यावर आणणारी!

शेवटचा रविवार थंडीतला होता. नायनांचा दम वाढला होता. फाटकापासून बाकापर्यंत तीनदा थांबले. बसल्यावर बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग माझा हात हातात घेतला, जे त्यांनी मी लहान असतानाही कधी केलं नव्हतं, आणि बोलायला लागले. लांबलचक. मध्ये श्वास घ्यायला थांबत होते, पुन्हा सुरू करत होते. डोळे माझ्या डोळ्यांवरून हलत नव्हते. हे बगळ्याचं आणि चहाचं नाही, एवढं मला समजत होतं. त्यांना सांगता आलं असतं, नायना, मोठ्याने बोला, इथे कुणी काही म्हणू दे. पण झाडाखाली ते गृहस्थ बसलेले होते. पुन्हा नवऱ्याचा विषय असला तर? मी म्हटलं, घरी गेल्यावर विचारू. आणि मान डोलावली. त्यांनी भुवया वर करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा डोलावली, जरा जास्तच ठामपणे. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि पाण्याकडे वळून बसले. इतके निवांत बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी गेल्यावर नळाला पाणी आलेलं होतं. आमच्याकडे ते कित्येक दिवसांनी येतं. भांडी भरता भरता विचारायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात त्यांचा श्वास अडकला. मी शाळेतून धावत आले, त्यांना एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. रिक्षात बसवताना त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली होती. मी बोटं सोडवली. दम लागलेला माणूस कशालाही धरतो, असं मला वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, नळी घालून यंत्रावर ठेवू का? मी म्हटलं, जे लागेल ते करा. सही माझीच. भाऊ नाही, अम्मा लिहीत नाही.

नऊ दिवस ते यंत्रावर होते. नळी ओढून काढतात म्हणून हात पलंगाला बांधले होते. नळी तोंडातून घातलेली, तिच्यावरून गालांपर्यंत चिकटपट्ट्या. मी आत गेले की ते माझ्याकडे बघायचे आणि चिकटपट्टीखाली ओठ हलवायचा प्रयत्न करायचे. मी म्हणायचे, नायना, बरे होणार तुमी. त्यांना ऐकू येत नव्हतं. एकदा अम्माला खुर्चीत बसवून आत नेलं. ती बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दहाव्या दिवशी सकाळी ते गेले.

दिवस झाले, पाहुणे गेले. एका दुपारी मी आणि अम्मा खालच्या रिकाम्या कारखान्यात बसलो होतो. माग होते तिथे फरशीवर तेलाचे चौकोन उरले आहेत. अम्मा म्हणाली, "त्यांनी तुला तळ्यावर सांगितलं होतं ना?"

"काय?"

"दवाखान्यात नेऊ नको म्हणून. नळ्या घालू देऊ नको. घरी, इथं खाली खाट टाक, मरायचं ते इथं मरू दे. त्या दिवशी घरी आल्या आल्या मला ओठांनीच म्हणाले, पोरीला सांगून टाकलं, ती हो म्हणाली. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाली. लई हलकं वाटतंय म्हणाले."

चौकट धरलेली बोटं मला दिसत होती. ती मी एकेक करून सोडवली होती.

"तू त्यांना रिक्षात बसवलंस तेव्हा मी बोलणार होते," अम्मा म्हणाली. "पण मला वाटलं, ऐन वेळी पोरीचा जीव झाला नसेल त्यांना जाऊ द्यायला. माया असते. म्हणून गप्प बसले. दवाखान्यातही ते तेच बोलत होते, घरी न्या म्हणून. मी त्यांना ओठांनीच सांगितलं, पोरीवर रागावू नका, तिला तुम्ही हवे आहात." मग माझ्या हातावर हात ठेवून तिने विचारलं, "मायेपोटीच केलंस ना?"

अम्माची नजर माझ्या ओठांवर होती. तिलाही हल्ली ऐकू कमीच येतं. मला त्यांचं बोलणं कळलंच नव्हतं, हे मला तिला सांगता आलं असतं.

मी मान डोलावली. तळ्यावर डोलावली होती तशीच, जरा जास्तच ठामपणे.