मामा आणि चेकोस्लोव्हाकियाचं विमानदल

जगातल्या कुठल्याही विषयावरून चेकोस्लोव्हाकियाच्या विमानदलावर येऊ शकणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला घर घेतलं तेव्हा मामा तिथे कधीचेच रुळलेले होते. मोटारींच्या कारखान्यात ते इंजिनांवर काम करत. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे हे ठरलेलंच. एकदा ताक नव्हतं म्हणून बायकोने, सुनंदाने, कढीत सावर क्रीम घातलं आणि कढी फाटली. दुसरा कुणी मुकाट्याने गिळून मोकळा झाला असता. मामांनी वाटी डोळ्यांसमोर धरली. "सुनंदा, हे खेचर झालंय." मग युद्धानंतर चेक कारखान्यांत जर्मन लढाऊ विमानांचे सांगाडे कसे उरले, त्यांना योग्य ती इंजिनं कशी मिळेनात, शेवटी बॉम्बफेकी विमानाचं अवजड इंजिन त्यांच्या नाकावर कसं बसवलं आणि ते उडवताना जीव मेटाकुटीला आलेल्या वैमानिकांनी त्याचं नाव 'खेचर' कसं ठेवलं, हे सगळं आलं. कढी गार झाली. आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव "मे आय बी एक्स्क्यूज्ड?" म्हणून सुटला. मला ती सोय नव्हती.

बरं, प्रसंग तरी बघावा? एका स्नेह्याचे वडील भारतात वारले. त्याला अंत्यविधीला जाता आलं नाही म्हणून आम्ही भेटायला गेलो. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "समजू शकतो. एकोणचाळीस साली हिटलरचं सैन्य घुसलं तेव्हा चेक लोकांना आपली विमानं धावपट्टीवर उभीच्या उभी ताब्यात द्यावी लागली. एक गोळी झाडू दिली नाही." तो बिचारा रडायचंच विसरला. घरी येताना मी गाडीत तोंड सोडलं. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, त्याचं दुःख तेच आहे. वेळेला काही करता आलं नाही." मी रेडिओ लावला.

या वेडाचं मूळ होतं कारेल. मामांच्याच कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा उंच, अबोल, चेक म्हातारा. दोघांचं वर्षानुवर्षं कारपूल. तरुणपणी हा कारेल आपल्या विमानदलातून निसटून पोलंड, फ्रान्स करत इंग्लंडला पोचला आणि तिथून जर्मनांशी लढला. युद्ध जिंकून मायदेशी परतला, तर थोड्याच वर्षांत नव्या राज्यकर्त्यांनी 'तुम्ही इंग्रजांचे' म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावरही पुन्हा विमानाला हात लावू दिला नाही; शेवटी देश सोडून तो अमेरिकेत आला. हे त्याने मामांना मिशिगनच्या बर्फातल्या गाडीत तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि मामांनी लायब्ऱ्या पालथ्या घालून बाकीचं जमवलं. इतकं, की कारेलच एकदा मला वैतागून म्हणाला, "युवर अंकल टेल्स मी व्हेअर आय वॉज. आय से, नो, आय वॉज इन बेड विथ फ्लू!"

मामांची इच्छा एकच होती. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना कारेलबद्दल बोलायला पंधरा मिनिटं हवी होती. मी कमिटीत असल्यामुळे हा भुंगा माझ्यामागे. "तो आजारी आहे हो. त्याला पहिल्या रांगेत बसवीन. भरल्या सभागृहात एकदा त्याचं नाव घेतलं जाऊ दे." मी दर वर्षी सांगे, "मामा, लोक नाटक बघायला येतात." शिवाय मंडळाचा नियम होता, स्टेजवर फक्त मराठी. म्हणजे कारेलला काही कळणार नाही आणि ज्यांना कळेल त्यांना ऐकायचं नाही.

शेवटी एका वर्षी नाटकाने मला अडचणीत आणलं. नायिकेचा नऊवारीचा काष्टा काही केल्या बसेना, प्रेक्षक चुळबुळायला लागले, आणि मी हताश होऊन मामांना पडद्यापुढे ढकललं. "दहा मिनिटं! खेचर नको!" मामांनी माईक हातात घेतला, तेवढ्यात घात झाला. ज्या शाळेचा हॉल आम्ही घेतला होता तिचे प्रिन्सिपॉल त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे नागपूरच्या एका उत्साही डॉक्टरांनी, त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत मामांनी आशेने आणून बसवलेला सुटाबुटातला गोरा म्हातारा दिसल्याबरोबर ते "पाहुणे आले ना बाप्पा!" म्हणत तबक घेऊन धावले. मी हातवारे करेपर्यंत कारेल स्टेजवर होता, त्याच्या खांद्यांवर शाल होती आणि हातात नारळ. खरे प्रिन्सिपॉल शेवटच्या रांगेत मजेत बटाटेवडा खात होते.

"मामा," अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आता पाहुण्यांचा परिचय करून द्या."

मी डोळे मिटून घेतले. आता पोलंड, आता फ्रान्स, नाटक गेलं बाराच्या भावात. पण काहीच ऐकू येईना म्हणून डोळे उघडले, तर मामा कारेलकडे बघत नुसते उभे. शेवटी म्हणाले, "हे कारेल. हे... वैमानिक आहेत." बस. एवढंच. शाल-श्रीफळ दिसलं की टाळ्या वाजवायच्या हे आमच्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं, सगळं सभागृह कडाडून टाळ्या वाजवायला लागलं. कारेलला त्यातलं आपलं नाव तेवढं कळलं. त्याने नारळ डाव्या बगलेत धरला, ताठ उभा राहिला आणि आम्हा नटूनथटून आलेल्या, वडे खाल्लेल्या, निम्म्या पेंगुळलेल्या मंडळींना कडक सलाम ठोकला.

परतताना गाडी मी चालवत होतो. कारेल माझ्या शेजारी, शाल तशीच अंगावर. शालीचं टोक चाचपत त्याने विचारलं, "हू डिसायडेड धिस?"

मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "एव्हरीबडी."

चूक दाखवून द्यायची मला वाईट खोड आहे. त्या दिवशी मी फक्त मान हलवली, "येस, एव्हरीबडी."

कारेल त्याच हिवाळ्यात गेला. त्याच्यासारख्यांची गेलेली अब्रू त्याच्या देशाने परत दिली ती पुढे, तो नसताना. मग तो देशही नकाशावरून गेला. त्या दिवशी मामांचा फोन आला होता. "जावईबापू, देशच राहिला नाही. आता त्या विमानदलातल्या पोरांचं कोण?" मी म्हटलं, "तुम्ही आहात की मामा." ते हसले आणि पुढे तासभर बोलले.

आता मामाही नाहीत. अजून कुणी जेवताना विमानाचा विषय काढला की मी दचकून घड्याळ बघतो, आणि मग लक्षात येतं की आता आपल्याला वेळच वेळ आहे.